नावाचा मक्ता

पहिलं नाव भाच्याने घेऊन दिलं होतं,
स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डावर,
आणि तो शारजाला गेला.
मुदतीची पत्रं त्याच्या जुन्या पेटीत पडत राहिली.
एका सकाळी मृण्मयीने मोबाईल पुढे केला :
जिथे आमचे सोडे, गोलमो, सुका बांगडा होता
तिथे कुणी रमी खेळायला बोलावत होतं.

म्हणून परवा, देवबागच्या शाळेच्या व्हरांड्यात,
आम्ही अकरा बायका बसलो :
नवं नाव घ्यायचं कुणाकडून?

एक कंपनी, पहिल्या वर्षी नव्याण्णव रुपये,
दुसऱ्या वर्षाचा आकडा मुंगीएवढा.
एक संस्था, नफा न घेणारी,
भाव पहिल्या वर्षी तोच, दहाव्या वर्षी तोच,
पानावर एकही फोटो नाही.

"नफो नाय?" रुक्मिणी मेथर म्हणाली,
"मगे तेंचो दिवो कशार जळता?"

हसलो. पण प्रश्न हसून जाणारा नव्हता.
बर्फाचा कारखाना आठवा, मी म्हटलं.
सोसायटीचा. वादळाच्या वर्षी
खाजगीवाल्याने लादीचे दाम दुप्पट केले,
सोसायटीने पाटीवरचा खडू पुसला नाही.
खरं आहे, सुलोचना म्हणाली,
आणि पुढच्या वर्षी त्याच सोसायटीत
कॉम्प्रेसर तीन महिने बंद होता,
सभेला कोरम भरेना म्हणून.
धर्मादाय दवाखान्याचंही तेच,
भिंतीवर विश्वस्तांची नऊ नावं, दाराला कुलूप.

आणि पास्कू फर्नांडिस?
कर्लीच्या खाडीत माणशी वीस घेतो, दुचाकीचे चाळीस.
नफा करतो, लपवत नाही,
इंजिनाचा हप्ता त्यातूनच जातो.
सुनेला कळा लागल्या तेव्हा रात्रीचे अडीच होते.
मी एकच हाक मारली
आणि भोगव्याच्या काठावर बॅटरी हलली.

मग काय, सगळं सारखंच?
तसंही म्हणवत नाही.
पास्कू उद्या होडी विकेल,
घेणारा माझी हाक ओळखणार नाही.
त्या संस्थेला स्वतःला विकता येत नाही,
मृण्मयीने नियम वाचून दाखवला,
आणि मी जरा गप्प झाले.
विकता न येणारी गोष्ट
बरीच वर्षं पाहिली नव्हती या किनाऱ्यावर,
जिथे सड्यासकट डोंगर
एका सहीत जातो.

नाव मुळात विकत मिळतच नाही.
सालाबाद मक्ता, चुकला की बेदखल.
आमच्या आजोळी असंच होतं :
भात आम्ही लावायचं, खंड आम्ही घालायचा,
वही खोताची.
खोत चांगला होता. देवळाला घंटा त्यानेच दिली.
तरी वही खोताची.

तेव्हा मृण्मयीला म्हटलं, दोघांनाही लिही.
नफ्याचं मागाहून. आधी एवढं विचार :
नोंद कुणाच्या नावे राहणार?
हप्ता विसरलो तर किती दिवस थांबाल?
आणि नाही जमलं, आम्ही निघालो,
तर किल्ली हातात द्याल
की उंबऱ्यावर आडवे बसाल?

कंपनीचं उत्तर चार मिनिटांत आलं,
गोड, माझं आडनाव चुकवलेलं,
तिन्ही प्रश्नांना वळसा घालून गेलेलं.
संस्थेचं अजून नाही.
शनिवार-रविवार तिथे माणूस नसतो म्हणे.
"म्हंजे सोसायटीच," सुलोचना म्हणाली.

आज सोमवार, दुपार.
मी सोडे पालथे घालतेय,
फोन सुपात, कावळ्यांवर एक डोळा.
मृण्मयी सांगून गेली, तोवर नाव रिकामं आहे,
कुणीही घेऊ शकतं.
रिकामं नाव, रिकामी नाव,
रुक्मिणीला दोन्ही एकच :
"कोण तरी येयसर
दोरी तरी बांधून ठेव गो."